पत्रात दोन ओळींत उरकलेली गोष्ट

पत्र थोडक्यात असं. लिहिणारा वीस वर्षांचा आहे. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून पुण्यात इंजिनिअरिंगला आलेला, सध्या दुसऱ्या वर्षाला, कॉट बेसिसवर राहतो. गणपतीच्या आसपास खोलीवरच्या एका सीनियर दादानं त्याला रंग ओळखायचं ॲप दिलं. लाल, हिरवा की जांभळा, दर मिनिटाला एक डाव. पहिल्या आठवड्यात ५०० चे १,३०० झाले, त्यातले ८०० काढताही आले. पुढच्या चार महिन्यांत १,२८,००० गेले. त्यात वडिलांनी सोयाबीन विकून फीसाठी पाठवलेले ६२,०००, मित्रांचे ३४,०००, दोन लोन ॲपचे २२,००० आणि मेस-पुस्तकांसाठी बाजूला ठेवलेले १०,०००. ॲपच्या वॉलेटमध्ये आजही ६१,७४० दिसतात, पण निघत नाहीत. चार दिवसांपूर्वी ‘टॅक्स’ म्हणून १८,५०० भरून घेतले (ते वरच्या हिशेबातच आले), आता ‘व्हेरिफिकेशन’चे ९,००० मागताहेत. तो विचारतो, हे शेवटचे ९,००० भरून पैसे सोडवून घेऊ का, आणि घरी कळू न देता कर्ज कसं फेडू? अगदी शेवटी दोन ओळी आहेत: ‘दादाला माझं एक बँक खातं वापरायला दिलंय. महिन्याला ५,००० देतो, त्यातून मित्रांचे फेडतोय, त्यामुळे तेवढं टेन्शन नाही.’

अरे, तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी सगळ्यात आधी थांबले. ‘रात्री झोप लागत नाही, कधी वाटतं सगळंच संपवून टाकावं.’ बाकीचं पुढे बोलूच, पण असं पुन्हा वाटलं तर एकटा खोलीत बसू नकोस. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. काय बोलायचं ते ठरवून फोन करायची गरज नाही, ‘झोप लागत नाही’ एवढं म्हटलंस तरी चालतं. आणि आज रात्री रूममेटला एवढंच सांग, ‘माझं बरं चाललेलं नाही, जरा लक्ष ठेव.’ एक लाख अठ्ठावीस हजार ही तुमच्या घरासाठी मोठी रक्कम आहे, ती लहान करून मी सांगणार नाही. पण ती फिटण्यासारखी रक्कम आहे.

आता ९,००० चं. भरू नकोस.

वॉलेटमधले ६१,७४० हे पैसे नाहीत, ते स्क्रीनवरचे आकडे आहेत. ज्यानं ॲप बनवलं त्याला तिथे सहा लाख दाखवायलाही काही खर्च येत नाही. टॅक्सचंच बघ. ऑनलाइन खेळातल्या कमाईवर ३० टक्के टीडीएसचा नियम आपल्याकडे २०२३ पासून आहे, म्हणून त्यांची गोष्ट तुला खरी वाटली. पण टीडीएस म्हणजे देणाऱ्यानं कापून घेतलेला कर. ६१,००० तुझे असतील तर त्यातून कापा आणि उरलेले द्या, इतका साधा व्यवहार आहे तो. रोख रक्कम देताना ‘आधी तुम्ही भरा, मग आम्ही देतो’ असं टीडीएसमध्ये नसतं. शिवाय तो कर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर असतो, आणि तू निव्वळ हरलेला आहेस. तुझा १८,५०० चा ‘टॅक्स’ कुणाच्या नावावर गेला? पावतीचा फोटो तू पाठवलायस, त्यावर कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं नाव आहे. सरकारचा कर किराणा दुकानाच्या यूपीआयवर जमा होत नाही रे. ९,००० भरलेस तर त्यापुढे ‘खातं अनलॉक’ करायचे १५,००० येतील. जोवर तू भरतोस तोवर नवं कारण निघत राहणार.

तू लिहितोस, ‘माझा अभ्यास कच्चा पडला, सहाव्या लेव्हलला थांबायला हवं होतं.’ इथे तुझ्याशी थोडं भांडायचंय. बुद्धी कमी पडली म्हणून हरलो, असं तुला वाटतंय. त्याचा अर्थ, बुद्धी वाढवली तर जिंकेन, ही आशा अजून जिवंत आहे. तू इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहेस, चल गणित करू.

ॲपचे नियम तूच पाठवलेस. शून्य ते नऊ असे दहा आकडे. हिरव्यावर शंभर लावले तर चार आकड्यांवर दुप्पट, पाच आला की जांभळ्यासोबत वाटून दीडपट, उरलेल्या पाचांवर शून्य. म्हणजे सरासरी ९५ परत. त्याआधीच दोन टक्के ‘सर्व्हिस फी’ कापलेली. शंभराचे ९३ झाले. हा हिशेब ॲप प्रामाणिक आहे असं धरून केलेला. निकाल कोण काढतं, कुठे काढतं, कुणाचे पैसे कुठल्या रंगावर जास्त लागलेत हे बघून काढतं का, हे तुला दिसत नाही.

आता ॲपच्या टेलिग्राम ग्रुपवरच्या मॅडमनं शिकवलेला तिप्पट प्लॅन. हरलो की पुढच्या डावाला तिप्पट: १००, ३००, ९००, २,७००, ८,१००, २४,३००. सहा लेव्हलची बेरीज ३६,४००. ‘सलग सहा वेळा कोण हरतं?’ असं त्या सांगायच्या. निम्मे-निम्मे धरलं तर सलग सहा हार येण्यासाठी सरासरी १२६ डाव लागतात. पूर्वी लॉटरीवाल्याकडे १२६ सोडती व्हायला महिने गेले असते. तुझ्या ॲपवर मिनिटाला एक डाव आहे, म्हणजे दोन तास सहा मिनिटं. तू लिहिलंयस, ‘त्या रात्री साडेअकराला बसलो आणि दोनच्या सुमाराला ३६,४०० गेले.’ दुर्दैव नव्हतं ते. वेळापत्रकाप्रमाणे गाडी आली.

माझे आजोबा लालबागला राहायचे, गिरणीत होते आणि आकडा लावायचे. मटका काही चांगली गोष्ट होती असं मी म्हणत नाही. आजी पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर जाऊन उभी राहायची, ती उगीच नाही. पण ओपन आणि क्लोज, दिवसाला दोनच आकडे. मधल्या वेळात माणूस पाळीला जायचा, जेवायचा, झोपायचा, आजीची बोलणी खायचा. तुझ्या खिशातल्या मटक्यात दिवसाला १,४४० आकडे फुटतात, आणि फाटकावर कुणीच उभं नाही.

इथवरचं तुला आतून ठाऊक असणार. मला खरी काळजी आहे ती त्या शेवटच्या दोन ओळींची. ‘तेवढं टेन्शन नाही’ असं तू जिथे लिहिलंस, तिथेच मी खुर्चीत ताठ बसले.

मी तीस वर्षं बँकेत काढली, शेवटची काही काउंटरच्या मागे शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर. निवृत्तीच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. एक मुलगा आला, तुझ्याच वयाचा. पाठीला सॅक, हातात पासबुक. म्हणाला, ‘मॅडम, एटीएममधून पैसे निघत नाहीत, मेसचे द्यायचेत.’ मी खातं उघडलं. शिल्लक १,१४० रुपये आणि त्यावर दूरच्या एका राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून दोन लाखांहून जास्त रकमेचा होल्ड. मी विचारलं, एटीएम कार्ड कुठंय? तो गप्प. मोबाइल नंबर तुझाच आहे का? तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ‘एका ओळखीच्यांना दिलं होतं, गेमिंगच्या पेमेंटसाठी.’ त्याच्या खात्यातून तीन आठवड्यांत चौदा-पंधरा लाख येऊन गेले होते. येणारी रक्कम दहा मिनिटंही थांबत नव्हती. शेवटी त्यानं विचारलं, ‘चारशे तरी निघतील का?’ निघाले नाहीत. नियमानं मला देताच येत नव्हते. मी पर्समधून दिले, ती वेगळी गोष्ट.

तुझे पैसे ज्या जनरल स्टोअर्सच्या नावावर गेले ना, तेही बहुतेक असंच कुणाचं तरी भाड्यानं घेतलेलं खातं असणार. पोलीस आणि बँकवाले त्याला म्यूल खातं म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचं ओझं वाहणारं. पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिम असा सगळा संच त्यांच्या भाषेत ‘किट’. महादेव या बेटिंग ॲपचं प्रकरण २०२३ मध्ये गाजलं तेव्हा ईडीनं अशाच बेनामी खात्यांच्या जाळ्याबद्दल सांगितलं होतं. जाळं म्हणजे कुणी सूटबूटवाले नव्हेत. कुणी रिक्षावाला, कुणी कामाच्या शोधातला, कुणी कॉट बेसिसवर राहणारा. नांदेडच्या मुलानं हरलेले पैसे नाशिकच्या मुलाच्या खात्यात आणि तुझे आणखी कुणाच्या. म्हणजे आज तुझ्या खात्यात जे येताहेत, त्यात कुणाच्या तरी बापाच्या सोयाबीनचे आहेत. हे तुला टोचायला लिहीत नाही. ते ५,००० ‘कमाई’ वाटताहेत, तो समज काढायचा आहे.

आणि फक्त रंगाच्या ॲपचेच असतील असंही नाही. एकदा किट हातातून गेलं की त्यातून काय फिरवायचं ते तू ठरवत नाहीस. डिजिटल अरेस्टची, म्हणजे खोटे पोलीस बनून फोनवरच ‘अटके’ची, भीती घालून एखाद्या निवृत्त शिक्षकाकडून उकळलेले पैसे त्याच वाटेनं जाऊ शकतात. त्या शिक्षकानं १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला की तक्रारीबरोबर पैशाचा माग निघतो: पहिलं खातं, तिथून दुसरं, तिथून तिसरं. त्या माळेत नाव तुझं, आधार तुझं, फोटो तुझा. दादा कुठेच नाही.

तू दिलेलं खातं कुठलं, हेही पत्रात आहे. महाडीबीटीच्या स्कॉलरशिपसाठी आधार जोडून उघडलेलं. ते गोठलं तर पुढच्या हप्त्याचे पैसे समोर दिसत राहतील आणि हाताला लागणार नाहीत.

म्हणून उद्या सकाळी कॉलेज बुडव आणि बँकेत जा. शाखा गावाकडची असेल तर पुण्यातल्या कुठल्याही शाखेत कार्ड बंद करायचं सांगता येतं. त्याआधी आज रात्रीच बँकेच्या टोल फ्री नंबरवर कार्ड ब्लॉक कर, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांग. अर्ज लेखी दे, दोन प्रती कर, एकीवर शिक्का आणि तारीख घे. काउंटरवर ‘ठेवून जा, बघतो’ म्हणतील. ठेवून जाऊ नकोस, पोच मिळेपर्यंत उभा राहा. अर्जात खोटं काही लिहू नकोस. ‘कार्ड हरवलं’ असं लिहायचा मोह होईल, दादाही तेच सुचवेल. कार्ड हरवलं आणि सिमही हरवलं आणि दर महिन्याला ५,००० मात्र तुझ्या दुसऱ्या खात्यात येत राहिले, हे कुणाला पटेल? ‘माझ्या खात्याचं कार्ड व सिम दुसऱ्या व्यक्तीच्या ताब्यात आहे, माझ्या संमतीशिवाय यापुढे कोणताही व्यवहार होऊ नये’ एवढं आज पुरे. सोबत खात्याचं सुरुवातीपासूनचं स्टेटमेंट माग. तिथून मोबाइल कंपनीच्या दुकानात जा आणि तुझ्या नावावरचं ते सिम बंद कर. तुझ्या नावावर आणखी किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. बघून घे, कधी कधी एकाची चार झालेली असतात.

त्या ५,००० ना आता हात लावू नकोस. खर्च झाले ते झाले, पण किती आले, कधी आले, कुणाच्या नावावरून आले, हे वहीत लिही.

पोलिसांकडे जाण्याआधी वकिलाशी बोल. खातं देण्याची गोष्ट हरण्याच्या गोष्टीपेक्षा वेगळी आहे आणि ती नीट मांडावी लागते. वकिलाला पैसे कुठून आणू म्हणशील. शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, १५१०० हा त्यांच्या देशभरच्या सेवेचा नंबर. उत्पन्न कमी असणाऱ्यांना वकील मोफत मिळतो. वडिलांचा उत्पन्नाचा दाखला स्कॉलरशिपसाठी काढलेलाच असेल, तो घेऊन जा. काहीच होणार नाही, असं आश्वासन मी देऊ शकत नाही. पण पोलिसांची नोटीस आल्यावर हजर होणारा मुलगा आणि नोटीस यायच्या आधी कागद घेऊन स्वतः गेलेला मुलगा, यांच्याकडे टेबलापलीकडचा माणूस वेगळ्या नजरेनं बघतो. टेबलापलीकडे मीही बसलेय.

‘मी जुगार खेळलो म्हणून मलाच आत टाकतील’ ही भीती तुझ्यासारख्या अनेकांना तक्रारीपासून लांब ठेवते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्यानं मोडीत काढला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ म्हटला की दोन्ही सारखेच. त्यात शिक्षा ठेवली आहे ती असा खेळ चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. आणि त्यासाठी पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्यांना. नुसतं खेळणाऱ्यासाठी तुरुंगाचं कलम त्या कायद्यात नाही. ‘पैशांची देवाणघेवाण’ हे शब्द मात्र पुन्हा वाच. म्हणूनच म्हणते, तुझं १,२८,००० चं दुखणं एकीकडे आणि हे खातं दुसरीकडे.

कायदा आला, मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले, आणि जे बंद होणार नव्हते ते टेलिग्रामवर उरले. त्यांना कायद्याचं काय? ॲपचं नाव दर पंधरवड्याला बदलतं, लिंक नवी येते, मॅडम त्याच.

तक्रार मात्र कर. १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन गेला तर मधल्या एखाद्या खात्यात रक्कम अडवता येते, हे वाचणाऱ्या सगळ्यांनीच लक्षात ठेवा. लाजेपोटी घालवलेली एक रात्र चोराला पुरते. तुझे बहुतेक व्यवहार जुने आहेत, ते पैसे परत येतील अशी आशा मी लावणार नाही. १८,५०० चा चारच दिवसांपूर्वीचा आहे, तो पहिल्यांदा सांग. ग्रुप सोडायच्या आणि ॲप काढायच्या आधी सगळं साठवून घे: चॅट, मॅडमचा नंबर, प्रत्येक भरण्याचा बारा आकडी यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर, समोरची यूपीआय आयडी आणि नाव. रागाच्या भरात पोरं ॲप उडवतात आणि पुरावाही उडतो.

तक्रारीनंतर आठवड्याभरात कुणीतरी तुला गाठेल. ‘आम्ही सायबर एक्स्पर्ट, तुमचे पैसे रिकव्हर करून देतो, फी फक्त दहा टक्के.’ हरलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. सरकारी तक्रारीला एक रुपयाही लागत नाही.

लोन ॲपचं थोडक्यात सांगते. ॲपच्या मागे कुठली बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली, पण कर्ज देणारी नोंदणीकृत कंपनी) आहे ते कर्जाच्या कागदावर असायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला तुझी कॉन्टॅक्ट लिस्ट आणि फोटो घ्यायचा अधिकार नाही. दोनपैकी एकाच्या मागे नोंदणीकृत संस्था असल्याचं तुझ्या स्क्रीनशॉटवरून दिसतंय. तिचे पैसे द्यायचेच आहेत, हप्ते बांधून माग. दुसऱ्याचा काही पत्ता नाही आणि ते ‘आईला फोटो पाठवू’ म्हणताहेत. त्यांच्याशी वाद घालू नकोस आणि भीतीनं हजार-हजार पाठवू नकोस. धमकीचे मेसेज ठेव, फोनच्या सेटिंगमधून ॲपच्या परवानग्या काढ आणि त्याच तक्रारीत हेही घाल. रिझर्व्ह बँकेचं सचेत नावाचं पोर्टल आहे, तिथेही नोंदव.

दादाबद्दल तू तीन वेळा लिहिलंस, ‘तो वाईट नाही, त्यानं मेसचे पैसेही भरले माझे.’ नसेल वाईट. बहुधा तोही असाच हरला असेल, आणि मग त्याला कुणी सांगितलं असेल की खेळणारे आण, कमिशन घे, खाती आण, जास्त घे. तुझ्या प्रत्येक भरण्यातला वाटा त्याच्या रेफरल कोडवरून त्याला मिळत होता, हे तुला ठाऊक आहे का? ५,००० महिना देणारा माणूस तुझ्या खात्यातून किती मिळवत असेल, हेही एकदा मनाशी मांड. त्याला शिव्या द्यायला जाऊ नकोस. कार्ड बंद झाल्याचं त्याला तासाभरात कळेल आणि फोन येईल, ‘फक्त एक ओटीपी सांग, शेवटचा.’ सांगायचा नाही. ‘खातं बंद करतोय, ओटीपी मिळणार नाही’ असं म्हणून फोन ठेव. धमकी आली किंवा ‘ॲपचे पैसे थकलेत’ म्हणाला तर हेही सांगून ठेवते: पैजेच्या व्यवहाराला १८७२ च्या करार कायद्यात किंमत नाही, कलम ३० प्रमाणे असं देणं कोर्टात वसूल करता येत नाही. मित्रांचे ३४,००० मात्र तू उसने घेतलेत. ते द्यायचे.

आता घरचं. ‘बाबांना कळलं तर ते खचतील, म्हणून आधी फेडतो आणि मग सांगतो.’ तुझ्या पत्राचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, आणि मला तेच पटत नाही. आजवर झालेलं प्रत्येक नवं नुकसान याच वाक्यातून आलंय. फी भरायची होती म्हणून मित्रांकडून घेतले, मित्रांचे द्यायचे म्हणून लोन, तेही गेलं म्हणून खातं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. आणि बातमी त्यांना कळणारच आहे. कॉलेजचा फीसाठी फोन जाईल, नाहीतर लोनवाल्याचा, नाहीतर पोलीस पाटलाकडून निरोप येईल. कुणाच्या तोंडून कळावी, एवढीच निवड तुझ्याकडे उरली आहे.

फोनवर सांगू नकोस. ताईचा उल्लेख तू प्रेमानं केलायस, औसा रोडला राहते असं लिहिलंयस. आधी तिला सांग, तिला सोबत घे. शुक्रवारी रात्रीची लातूर गाडी पकड. रक्कम एकदाच सांग, पूर्ण. लाजेपोटी माणूस हप्त्याहप्त्यानं खरं सांगतो, आज पन्नास हजार, पुढच्या महिन्यात आणखी तीस. पैसे गेल्याचं बाप कधीतरी विसरतो, पण प्रत्येक वेळी ‘आता एवढंच’ म्हणून फसवलेलं विसरत नाही. म्हणून वही ने. कुणाकडून किती घेतले, कुठे गेले, बँकेची पोच, तक्रारीचा नंबर. पुढचं काय, याचंही एक पान असू दे. फीचे ६२,००० हप्त्यांत भरू द्यावेत असा अर्ज प्राचार्यांकडे कर, कॉलेजं ऐकतात, नाही ऐकलं तर निदान मुदत देतात. मित्रांना महिन्याला दोन हजार याप्रमाणे साधारण दीड वर्ष. शनिवार-रविवार शिकवण्या घेता येतील, डिप्लोमा करून आलेला मुलगा दहावीचं गणित उत्तम शिकवू शकतो. आणि वर्षभर तुझं यूपीआय ताईच्या नजरेखाली राहू दे. मोबाइल नुसता हातात घेतला की बोटं आपोआप ते ॲप शोधतात, असं तू लिहिलंयस. ते इच्छाशक्तीनं जातंच असं नाही. जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून वैद्यकशास्त्र मानतं. ससूनच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढ, रांग असते, डबा घेऊन जा.

आईवडील वाचत असतील तर त्यांनाही दोन शब्द. पोरगं रात्री जागतं म्हणून तर कोण ओरडणार, सगळीच जागतात. पण फी भरल्याची पावती कॉलेजच्या छापील कागदावर बघायची सवय ठेवा, व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर नव्हे. एक खातं बंद पडलं म्हणून दुसरं काढतोय, कुणाच्या तरी सिमवरून फोन करतोय, असं दिसलं तर ‘काय रे चोरा’ म्हणून सुरुवात करू नका. तुमचा पहिला शब्दच पुढचं सगळं ठरवतो.

तू विचारलंस, बाबांसमोर तोंडातून पहिलं वाक्य काय काढू. ‘बाबा, मी फीचे पैसे जुगारात घालवले’ हेच काढ. ‘मला फसवलं’ असं सुरू करू नकोस. फसवलं हे खरं आहे, पण ते त्यांना म्हणू दे. मग गप्प बस. ते उठून शेतात निघून जातील कदाचित, तुझ्या पत्रावरून तसेच वाटतात. मागे जाऊ नकोस. ताईला चहा टाकायला सांग, आणि वही ओसरीवर उघडीच राहू दे. सोमवारी दहाला बँक उघडते. ते आले तर सोबत घेऊन जा.